बाजू नव्हे, पद्धत तपासा

स्त्री-पुरुष विषमतेचा अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञाचा एखादा निष्कर्ष विद्यापीठाबाहेर पोहोचला की त्याच्याभोवती उठणाऱ्या वादाचे स्वरूप बहुतेक वेळा ठरलेले असते. एक गट म्हणतो, हे संशोधन नव्हेच. हा चळवळीचा प्रचार आहे, त्याला तळटीपा जोडल्या आहेत एवढेच. दुसरा गट म्हणतो, ही अभ्यासक अन्यायग्रस्तांच्या बाजूने उभी आहे, तेव्हा तिच्या आकड्यांवर शंका घेणे म्हणजे अन्यायाला साथ देणे. दोन्ही गट एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांनी विचारलेला प्रश्न एकच असतो: ही व्यक्ती कोणाच्या बाजूची? तिने प्रश्न कसा मांडला, तो कोणाला विचारला, काय मोजले आणि काय मोजायचे सोडले, तेच मोजमाप दुसऱ्या कोणाला पुन्हा करून पाहता येईल का, हे विचारण्याची निकड दोघांनाही वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की संशोधकाला आपल्या विषयाविषयी आस्था असणे, किंबहुना त्या विषमतेची झळ तिला स्वतःला लागलेली असणे, यामुळे ती अपात्र ठरत नाही आणि तिला कसली सूटही मिळत नाही. तिच्या कारकिर्दीचे मोल तिच्या पद्धतीवर ठरवले पाहिजे. ही मागणी मवाळ वाटण्याचा संभव आहे. पण ती गांभीर्याने घेतली तर या वादात नेहमी बोलणाऱ्या दोन्ही बाजूंना बरेच काही सोडून द्यावे लागेल.

हा वाद केवळ शाब्दिक राहिलेला नाही, म्हणून तो नीट घातला जाणे आवश्यक आहे. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हंगेरीच्या सरकारने लिंगभाव अभ्यासाच्या पदव्युत्तर पदवीची मान्यताच काढून घेतली. बुडापेस्टमधील दोन विद्यापीठांत हा अभ्यासक्रम चालत होता. सरकारच्या बाजूने दिली गेलेली कारणे दोन होती: या पदवीधरांना नोकरीच्या बाजारात मागणी नाही, आणि हा विषय शास्त्र नसून एक विचारप्रणाली आहे. पहिल्या कारणाची चर्चा निदान नोंदींच्या आधारे करता येते. दुसरे कारण मात्र तपासणीची वाटच बंद करते, कारण त्यात कोणता निष्कर्ष चुकला आणि कोणत्या पुराव्याने चुकला हे सांगण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर राहत नाही. एखाद्या ज्ञानशाखेतील सर्व माणसे एकाच वेळी खोटी ठरवायची असतील तर त्यांच्या हेतूवर बोट ठेवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

तटस्थतेचा आग्रह धरणारे एक गृहीत धरून चालतात. ते असे, की स्त्रियांनी या शास्त्रात प्रवेश करण्यापूर्वी ते तटस्थ होते आणि त्यांच्यासोबत आस्था, राग आणि पक्ष आत आले. इतिहास याला आधार देत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्यूरकेम यांच्या आत्महत्येवरील १८९७ च्या ग्रंथाकडे पाहा. समाजशास्त्राने आकडेवारीच्या बळावर आपले स्वतंत्र अस्तित्व सिद्ध केले ते याच ग्रंथात, आणि ते श्रेय योग्यच आहे. आत्महत्या आणि घटस्फोट यांचे आकडे शेजारी ठेवताना द्यूरकेम यांच्या लक्षात आले की विवाहाचे संरक्षण पती आणि पत्नी यांना सारखे मिळत नाही. घटस्फोट जिथे सुलभ आहे तिथे विवाहित स्त्रीची स्थिती तुलनेने बरी दिसते आणि जिथे तो मिळत नाही तिथे विवाहाचा भार तिच्यावर अधिक पडतो. हा विलक्षण शोध होता. विवाह ही एकच संस्था त्यात राहणाऱ्या दोघांसाठी दोन वेगळ्या गोष्टी असू शकते, हे त्यातून निघत होते. द्यूरकेम यांनी दिलेले स्पष्टीकरण मात्र असे होते की स्त्रीचे मानसिक जीवन कमी विकसित असल्यामुळे तिला विवाहाच्या नियमनाची पुरुषाइतकी गरज नसते. हे वाक्य कोणत्या आकड्यातून आले? कोणत्याच नाही. आकडेवारी समोर होती, तिचे वाचन करणारा माणूस असामान्य बुद्धीचा होता, आणि तरीही जिथे पुराव्याची जागा होती तिथे त्याच्या काळातील पुरुषांची समजूत निमूटपणे येऊन बसली. तिच्यावर कोणी पक्षपाताचा आरोप केला नाही, कारण ती समजूत सर्वांची होती.

७५ वर्षांनी, १९७२ मध्ये, अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जेसी बर्नार्ड यांनी विवाहाच्या भवितव्यावरील आपल्या पुस्तकात पुन्हा हाच धागा उचलला आणि प्रत्येक विवाहात दोन विवाह असतात, एक त्याचा आणि एक तिचा, अशी मांडणी केली. नंतरच्या संशोधकांनी त्यांचा निष्कर्ष जसाच्या तसा मान्य केलेला नाही. विवाहाचा फायदा दोघांनाही होतो असे दाखवणारे पुष्कळ काम झाले आहे. पण बर्नार्ड यांनी प्रश्न तपासता येईल अशा रूपात आणला, आणि म्हणूनच त्यांना खोडून काढणे शक्य झाले. द्यूरकेम यांचे कमी विकसित मानसिक जीवन कोणी कशाने खोडणार होते? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५० च्या दशकात पतीकडे साधनात्मक, म्हणजे कमावण्याची, आणि पत्नीकडे भावनिक भूमिका सोपवून कुटुंबाचे जे चित्र काढले, तेही त्या काळच्या अमेरिकी मध्यमवर्गाच्या एका थराला सबंध समाजव्यवस्थेची गरज म्हणून सादर करणारे होते. आपली जागा दिसत नसली की ती जागा नाहीच असे वाटू लागते. या शास्त्रातील जुनी तटस्थता बऱ्याच अंशी अशा प्रकारची होती.

मात्र पूर्वीचे पुरुष पक्षपाती होते एवढे दाखवल्याने आजची संशोधिका निष्पक्ष ठरत नाही. विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा इथेच आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८५ मध्ये लेनोर वाइट्झमन या समाजशास्त्रज्ञ स्त्रीने घटस्फोटाच्या आर्थिक परिणामांवर एक पुस्तक लिहिले. लॉस एंजेलिस परगण्यातील २२८ घटस्फोटित स्त्री-पुरुषांच्या मुलाखतींवरून त्यांनी निष्कर्ष काढला की घटस्फोटानंतरच्या वर्षभरात स्त्रीचे राहणीमान ७३ टक्क्यांनी घसरते आणि पुरुषाचे ४२ टक्क्यांनी वाढते. हे दोन आकडे वाऱ्यासारखे पसरले. वर्तमानपत्रांनी ते छापले, कायद्याच्या नियतकालिकांनी उद्धृत केले, न्यायालयांच्या निकालपत्रांतही ते आले. १९९६ मध्ये रिचर्ड पीटरसन यांनी त्याच मुलाखतींची माहिती घेऊन हिशेब पुन्हा केला, तेव्हा उत्तर आले स्त्रियांसाठी २७ टक्के घट आणि पुरुषांसाठी १० टक्के वाढ. वाइट्झमन यांना आकडे चुकल्याचे मान्य करावे लागले.

अकरा वर्षे एक चुकीचा आकडा का टिकला? विरोधक म्हणतील, तो हवा होता म्हणून. मला वाटते, या उत्तरात तथ्य आहे. जो आकडा आपल्या मनातील चित्राशी जुळतो त्याची उलटतपासणी आपण कमी करतो, हा मनुष्यस्वभाव आहे आणि विषमतेच्या अभ्यासकांना त्यातून सवलत मिळालेली नाही. ज्या शाखेतील बहुसंख्य अभ्यासकांची मूलभूत भूमिका समान असते, तिथे हा धोका दुप्पट होतो, कारण शोधनिबंध तपासणारा सहकारीही त्याच दिशेने झुकलेला असतो. हे सर्व मी मान्य करतो. पण या प्रकरणातील आणखी काही गोष्टी सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. ७३ टक्के ही संख्या इतर मोठ्या, दीर्घकालीन सर्वेक्षणांशी जुळत नाही, हे सॉल हॉफमन आणि ग्रेग डंकन यांनी १९८८ मध्येच दाखवले होते आणि घट साधारण एक-तृतीयांश असावी असे म्हटले होते. मूळ माहिती इतर संशोधकांच्या हाती पडायला वर्षे गेली; पण ती मिळताच चूक सापडली. पीटरसन यांचा हिशेब समाजशास्त्राच्या प्रमुख अमेरिकी संशोधनपत्रिकेत छापला गेला आणि त्याच अंकात वाइट्झमन यांना उत्तर देण्याची जागा मिळाली. दुरुस्तीनंतरही २७ टक्क्यांची घट आणि १० टक्क्यांची वाढ ही विषमताच होती, फक्त तिची मात्रा वेगळी होती. मात्रा चुकणे ही लहान गोष्ट नव्हे. कारण याच आकड्यांवरून पोटगी आणि मालमत्तेची वाटणी यांविषयीची धोरणे सुचवली गेली होती. पण या चुकीवरचा उपाय कोणता होता? वाइट्झमन यांच्या सहानुभूतीची चौकशी करून २७ हा आकडा कधीच हाती आला नसता. तो आला मुलाखतींची नोंद पुन्हा उघडून.

उलट दिशेचे उदाहरणही पाहावे. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये, जगात १० कोटींहून अधिक स्त्रिया ‘बेपत्ता’ आहेत, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या अपेक्षित प्रमाणानुसार असायला हव्या होत्या पण नाहीत, असे लिहिले आणि त्याचे मूळ मुली व स्त्रियांच्या उपेक्षेत दाखवले. २००५ मध्ये एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञ स्त्रीने एक वेगळे कारण पुढे आणले: हेपटायटिस-बी या विषाणूची लागण झालेल्या आईवडिलांना मुलगे अधिक होतात, आणि या बेपत्ता स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांचा उलगडा त्यातून होतो. हा निष्कर्ष अनेकांना आवडला, कारण त्यात दोष समाजाकडून काढून जीवशास्त्राकडे दिला जात होता. मोनिका दास गुप्ता यांनी त्याला हरकत घेतली. दास गुप्ता यांची कारकीर्दच मुलींच्या वाट्याला येणाऱ्या भेदभावाच्या अभ्यासात गेलेली. पंजाबच्या ग्रामीण भागातील मुलींच्या मृत्यूंवरचा त्यांचा १९८७ चा शोधनिबंध या विषयातील पायाभूत काम मानला जातो. पक्षपाताचा आरोप करायचाच तर त्यांच्यावर करणे किती सोपे होते! पण त्यांनी मांडलेला मुद्दा आकड्यांचा होता. विषाणू हेच कारण असेल तर पहिल्या मुलीनंतर जन्मणाऱ्या अपत्यांमध्येच मुलग्यांचे प्रमाण अचानक का वाढावे? विषाणूला घरात आधी कोण जन्मले आहे हे कसे ठाऊक? पुढे तैवानमधील सुमारे ३० लाख जन्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि आईच्या लागणीचा परिणाम नगण्य निघाला. ऑस्टर यांनी स्वतः चीनमध्ये नवी माहिती गोळा केली, आपला सिद्धांत टिकत नाही हे पाहिले आणि २००८ मध्ये तो जाहीरपणे मागे घेतला. दास गुप्ता यांची आस्था इथे आड आली की उपयोगी पडली? ज्या व्यक्तीने मुलींच्या जन्मक्रमानुसार बदलणारे त्यांचे भवितव्य वर्षानुवर्षे पाहिले होते, तिलाच जन्मक्रमाचा प्रश्न सर्वांआधी सुचला, यात मला योगायोग दिसत नाही.

दुसरा आक्षेप असा की या अभ्यासकांना उत्तर आधीच माहीत असते. स्त्री मागे आहे हे गृहीत, आणि उरलेले काम ते सिद्ध करण्याचे. तसे असते तर थॉमस डिप्रीट आणि क्लॉडिया बुखमन यांनी २०१३ मध्ये मुली शिक्षणात मुलांच्या पुढे का आणि कशा गेल्या यावर संपूर्ण पुस्तक लिहिले नसते. तेही लिंगभाव-विषमतेचेच समाजशास्त्र आहे. त्यात मागे पडलेले मुलगे आहेत एवढाच फरक. याहून बोलके उदाहरण मातृत्वाच्या दंडाचे, म्हणजे आई असल्यामुळे नोकरीत होणाऱ्या तोट्याचे आहे. शेली कोरेल, स्टीफन बेनार्ड आणि इन पाइक यांचा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी नोकरीसाठीच्या अर्जांच्या जोड्या केल्या. दोन्ही अर्जांत शिक्षण, अनुभव आणि कामगिरी समान; एकात मात्र अर्जदार पालक असल्याचे सहज कळेल अशी नोंद होती, जसे की पालक-शिक्षक संघाच्या कामाचा उल्लेख. प्रयोगशाळेतील परीक्षकांनी आई असलेल्या अर्जदाराला अपत्य नसलेल्या स्त्रीपेक्षा सरासरी ११ हजार डॉलर कमी पगार सुचवला. ६३८ प्रत्यक्ष मालकांकडे अर्ज पाठवले तेव्हा अपत्य नसलेल्या स्त्रियांना आई असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत दुपटीहून अधिक वेळा बोलावणे आले. वडील असण्याचा असा तोटा पुरुषांना झाला नाही. या प्रयोगात संशोधकांची मते कुठे शिरणार? अर्ज पाठवल्यानंतर फोन करायचा की नाही हे मालक ठरवत होते. आणि पुढे? स्वीडनमध्ये मॅग्नस बिग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच प्रकारचा क्षेत्रप्रयोग केला, त्यात आई किंवा वडील असण्याने बोलावण्यात फरक पडल्याचे आढळले नाही, आणि त्यांनी तो निष्कर्ष २०१७ मध्ये छापला. तेव्हा मातृत्वाचा दंड ही सर्व देशांत सारखीच घडणारी गोष्ट नाही. कायदे, पालकांना मिळणारी रजा आणि मालकांच्या अपेक्षा यांच्याशी तिचा संबंध असावा अशी शक्यता त्यातून उघडते. जिचे उत्तर आधीच ठरलेले आहे ती शाखा स्वतःच्या सर्वांत प्रसिद्ध निष्कर्षाला मर्यादा घालणारा पुरावा का छापेल?

तटस्थतेच्या बाजूने बोलणारे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांचा आधार घेतात, आणि घ्यावाच. १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये म्युनिकमध्ये दिलेल्या व्याख्यानात वेबर यांनी बजावले की वर्गातील व्यासपीठ हे प्रेषिताचे किंवा जननेत्याचे नाही. सभेत श्रोता उलट बोलू शकतो. वर्गात विद्यार्थ्याला गप्प बसावे लागते आणि पुढे परीक्षाही त्याच प्राध्यापकाकडे द्यावी लागते. विषमतेचा अभ्यास शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे मनात कोरून ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण ज्या वर्गात एकच मत उच्चारता येते तिथे विद्यार्थी विचार करायला शिकत नाहीत, फक्त अपेक्षित उत्तर ओळखायला शिकतात. पण वेबर यांनी याच्या जोडीने जे सांगितले ते सोयीस्करपणे वगळले जाते. कोणता प्रश्न अभ्यासण्याजोगा आहे हे ठरवताना संशोधकाची मूल्ये अटळपणे काम करतात, हे त्यांचे १९०४ पासूनचे प्रतिपादन होते. अनंत वास्तवातून एक तुकडा निवडणारा हात कोणाचा तरी असतोच. बंधन आहे ते उत्तरावर: एकदा प्रश्न ठरला की पुराव्याने जे सांगितले ते आवडो न आवडो, मांडले पाहिजे. वेबर यांची कसोटी लावायची तर पूर्ण लावावी. मग स्त्री-पुरुष विषमतेचा विषय निवडणे हा दोष उरत नाही.

आणि प्रश्न निवडणारा हात बदलल्यावर काय घडते हे पाहण्यासाठी घरकामाच्या अभ्यासाइतके चांगले उदाहरण नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांनी १९७१ मध्ये लंडनमधील ४० गृहिणींच्या मुलाखती घेतल्या. त्या काळी घरकाम हा कुटुंबाच्या समाजशास्त्रात स्त्रीच्या भूमिकेचा भाग समजला जाई. ते काम म्हणून कामाच्या समाजशास्त्रात येत नसे. ओकली यांनी कारखान्यातील कामगाराला जे प्रश्न विचारले जात तेच गृहिणींना विचारले: तास किती, एकसुरीपणा किती, कामाचे तुकडे किती पडतात, समाधान कशात आहे. सरासरी निघाली आठवड्याला ७७ तास. ४० जणींचा नमुना लहान होता आणि त्यावरून सर्व देशाबद्दल बोलता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण घरकाम मोजता येते, ही गोष्ट त्या ४० जणींनी सिद्ध केली. त्यानंतरच्या दशकांत अनेक देशांत वेळेच्या वापराची सर्वेक्षणे रुळली. त्यांत समाजशास्त्रज्ञांबरोबर अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञही होते. २०१३ मध्ये श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कामाची जी व्याख्या स्वीकारली तिच्यात स्वतःच्या घरासाठी केलेल्या बिनमोबदला सेवाही आल्या. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने हिशेब मांडला तो असा: जगात दररोज १,६४० कोटी तास बिनमोबदला देखभालीच्या कामात जातात, आणि त्यांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रियांचे असतात. हे तास ओकली यांच्या आधीही जातच होते. त्यांच्याकडे पाहण्याचे कारण कोणाला पडले नव्हते, कारण ज्यांच्या हाती प्रश्न विचारण्याचा अधिकार होता त्यांच्या घरी ते काम आपोआप झालेले असे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जोन एकर यांचा वाद याहून तांत्रिक, पण माझ्या मते अधिक शिकवणारा आहे. १९७३ मध्ये त्यांनी दाखवले की सामाजिक स्तरीकरणाचे, म्हणजे समाजातील वर्गांच्या उतरंडीचे, अभ्यास कुटुंबाला एकक धरतात आणि स्त्रीचे स्थान तिच्या पतीच्या व्यवसायावरून ठरवतात. मग अविवाहित, विधवा, घटस्फोटित स्त्रियांचे काय, आणि पतीपेक्षा वरच्या पदावर असलेल्या स्त्रीचे काय? दहा वर्षांनी ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ जॉन गोल्डथॉर्प यांनी रूढ पद्धतीचे खुले समर्थन केले. त्यांचे म्हणणे असे की स्त्रियांवर अन्याय होतो हे खरे असले, तरी कुटुंबाच्या वर्गस्थानाचा उत्तम अंदाज प्रत्यक्षात पतीच्या नोकरीवरूनच येतो, आणि याचे कारणही स्त्रियांच्या कामात पडणारे खंड हेच आहे. हा दर्जेदार प्रतिवाद होता. त्याला उत्तरे आली, आकडेवारीने आली, आणि अखेर रॉबर्ट एरिक्सन यांनी सुचवलेला मार्ग स्वतः गोल्डथॉर्प यांनीही पुढील कामात वापरला: पती असो वा पत्नी, ज्याचे व्यावसायिक स्थान वरचढ त्यावरून कुटुंबाचा वर्ग ठरवायचा. दोन्ही बाजूंना सर्व काही मिळाले नाही, पण मोजमाप आधीपेक्षा अचूक झाले. वाद चांगला घातला तर असा जातो, आणि म्हणूनच त्याचे आजचे वाईट रूप पाहून मला खेद होतो.

आता त्या आरोपाकडे वळतो जो कारकिर्दीवर थेट केला जातो: या लोकांचे पोटच विषमतेवर चालते, तेव्हा ती संपलेली त्यांना परवडणार नाही. क्षयरोगाचा तज्ज्ञ रोग टिकावा म्हणून धडपडतो असे आपण म्हणत नाही. त्याच्या तपासण्या खऱ्या आहेत का हे पाहतो. शिवाय या आरोपात सुचवलेला सुखाचा मार्ग प्रत्यक्षात कधी फारसा सुखाचा नव्हता. शिकागोत समाजसुधारक जेन ॲडम्स आणि त्यांनी गरीब वस्तीत चालवलेल्या हल हाउस या सेवाकेंद्रातील रहिवासी स्त्रियांनी १८९५ मध्ये आपल्या वस्तीतील घरोघरच्या लोकांचे मूळ देश आणि त्यांचे वेतन नकाशांवर रंगवून प्रसिद्ध केले. शहराचा नकाशा हे पुढे शिकागो विद्यापीठाच्या समाजशास्त्राचे प्रतीक झाले, पण त्या परंपरेच्या रूढ इतिहासात या स्त्रिया दीर्घकाळ समाजसेविका म्हणूनच उरल्या. १९२० मध्ये तिथे समाजसेवेची वेगळी शाळा निघाली आणि शास्त्र एकीकडे, सेवा दुसरीकडे ही विभागणी पक्की होत गेली. जोन एकर यांना डॉक्टरेट मिळाली ती १९६७ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर. जेसी बर्नार्ड यांचे स्त्रियांविषयीचे सर्वांत प्रभावी लेखन विद्यापीठातून निवृत्त झाल्यानंतरचे आहे. आणि एखाद्या व्यवसायात स्त्रियांचे प्रमाण वाढले की त्यातील वेतन घसरू लागते, हे ॲसाफ लेव्हानॉन, पॉला इंग्लंड आणि पॉल ॲलिसन यांनी १९५० ते २००० च्या अमेरिकी जनगणनांवरून दाखवले आहे. ज्ञानशाखांच्या प्रतिष्ठेलाही हाच न्याय लागू होतो का, हे या विषयातील अभ्यासकाला स्वतःच्या विभागातच रोज पाहावे लागते.

इथे एक जुने साम्य आठवावे. कृष्णवर्णीय अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस १८९६ मध्ये फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीयांचा अभ्यास करायला गेले तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्रातील सहायक हे दुय्यम, तात्पुरते पद दिले. ते सातव्या वॉर्डात राहिले, घरोघर स्वतः फिरले आणि १८९९ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्याच समाजाचा अभ्यास करणारा माणूस वस्तुनिष्ठ कसा राहील, ही शंका त्यांच्याबद्दलही घेता आली असती. त्या ग्रंथात वस्तीतील गुन्हेगारीवर स्वतंत्र प्रकरण आहे. डू बॉइस यांनी ती लपवली नाही, तर नोकऱ्यांची दारे बंद असणे, वाढीव घरभाडे, गुलामगिरीचा वारसा यांच्याशी जोडून समजावून घेतली. एखाद्या गोष्टीची झळ सोसलेला माणूस तिच्याबद्दल अधिक काटेकोर असू शकतो, कारण खोट्या आकड्याची किंमत सर्वप्रथम त्याच्याच लोकांना चुकवावी लागते.

राहता राहिले मित्र. विषमतेच्या अभ्यासकाला तिच्या विरोधकांइतकाच त्रास तिच्या कैवाऱ्यांकडून होतो असे मी म्हणतो, ते विचारपूर्वक म्हणतो. वेबर यांच्या त्याच व्याख्यानात शिक्षकाचे पहिले कर्तव्य सांगितले आहे ते विद्यार्थ्यांना गैरसोयीची तथ्ये ओळखायला शिकवण्याचे, म्हणजे ज्याच्या त्याच्या पक्षाला अडचणीची ठरतील अशी तथ्ये. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ॲलिस रॉसी यांनी १९६४ मध्ये स्त्री-पुरुष समतेच्या बाजूने गाजलेला निबंध लिहिला होता आणि १९६६ मध्ये अमेरिकेतील स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थापनेत त्या सहभागी होत्या. याच रॉसी यांनी १९७७ मध्ये लिहिले की अपत्यसंगोपनात आई आणि वडील यांच्या वर्तनातील फरकाला जैविक पाया असण्याची शक्यता समाजशास्त्राने नाकारू नये. स्त्रीवादी वर्तुळात मोठी खळबळ माजली. काही सहकाऱ्यांनी त्यांचे लेखन स्त्रीवादविरोधी लाटेला हातभार लावणारे ठरवले. म्हणजे संघटनेच्या संस्थापकांपैकी एकीलाही, तू कोणाच्या बाजूची, हाच प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर चुकीचे दिले गेले. दुसऱ्या काहींनी त्यांचा पुरावा हाती घेतला: प्राण्यांवरील आणि संप्रेरकांवरील कोणते निरीक्षण माणसाच्या पालकत्वाला लागू करता येते, कोणते येत नाही, आणि वडिलांनी सुरुवातीपासून संगोपन केलेल्या घरांची माहिती हाताशी नसताना जैविक फरकाबद्दल किती ठामपणे बोलावे. रॉसी १९८३ मध्ये अमेरिकन समाजशास्त्र संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि अध्यक्षीय भाषणासाठी त्यांनी पुन्हा लिंगभाव आणि पालकत्व हाच विषय घेतला. त्यांच्याशी असहमत असलेल्या समाजशास्त्रज्ञांनी त्यानंतर वडिलांच्या संगोपनाचा अभ्यास अधिक बारकाईने केला, आणि रॉसी यांच्या मूळ विधानातील कोणता भाग टिकतो आणि कोणता नाही याबद्दलची चर्चा त्या अभ्यासांच्या आधाराने अजून चालू आहे.